टाकीचा भोंगा

मागच्या जुलैत आमच्या चाळीतले पंपवाले काका गच्चीच्या जिन्यावरून घसरले. पहाटेचे पावणेपाच, धो धो पाऊस, एका हातात टॉर्च. मनगट मोडलं. वय वर्षं ७४.

लालबागमधल्या आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि दीड-दोन तासांत जातं. तेवढ्या वेळात तळटाकी भरतेय का बघायचं, पंप लावायचा, चार मजले चढून गच्चीवरची टाकी बघायची, भरत आली की खाली येऊन पंप बंद करायचा. उशीर झाला तर पाणी भिंतीवरून वाहतं आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक तेव्हाच भांडायला येतात. लवकर बंद केला तर तेच लोक दुपारी येतात. काका हे सगळं वर्षानुवर्षं करत आले होते. कमिटी त्याचे महिन्याला थोडे पैसे देते. त्या पैशांवर त्यांची औषधं येतात.

कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण चाळीतली इलेक्ट्रॉनिक्सवाली मी. ‘मोबाइलवर दिसेल असं काहीतरी करून दे की.’ मी म्हटलं, दोन आठवडे द्या. पाच महिने लागले.

टाकीतलं पाणी मोजणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तो आकडा गच्चीवरून खाली कसा आणायचा, यात खरा वेळ गेला. वायर आधी दोनदा टाकून झाली होती. एकदा उंदरांनी खाल्ली, एकदा ताडपत्री बांधताना तुटली. गच्चीवर विजेचा पॉइंट नाही, आणि पावसात तो नसलेलाच बरा. म्हणजे बॅटरीवर चालणारं आणि बिनतारी काहीतरी हवं.

पहिला विचार वायफायचा. घरात राउटर होताच. पण वायफाय बोलायला लागलं की विजेचा हिशेब ठेवत नाही. मी कागदावर गणित मांडलं. दर पंधरा मिनिटांनी एक निरोप, म्हणजे दिवसाला ९६. प्रत्येक वेळी जागं होऊन राउटरला जोडून घ्यायला तीन सेकंद, तेवढा वेळ १२० मिलिअँपिअर. दिवसाला झाले ९.६ मिलिअँपिअर-तास. २४०० ची बॅटरी अडीचशे दिवसांत संपणार. वर जुन्या भिंती इतक्या जाड की गच्चीवर माझा वायफाय पोचतच नव्हता.

ब्लूटूथ वीज कमी खातं, पण ते ऐकायला फोन घेऊन तीन मजले चढावे लागले असते. मग काकांनी काय वाईट केलं होतं? झिगबीमध्ये एक उपकरण दुसऱ्याकडे निरोप सरकवतं, तसं करत लांब पोचता येतं. पण मधली उपकरणं कायम प्लगला लावलेली हवीत. आमच्या गॅलरीतल्या प्लगमधून कुणीतरी ती काढून फोन चार्जिंगला लावणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग एनबी-आयओटी. मोबाइल कंपन्यांच्या टॉवरवरूनच चालणारं, पण अगदी कमी डेटासाठी २०१६ मध्ये ठरवलेलं तंत्र. तळघरातल्या, झाकणाखालच्या मीटरचाही निरोप पोचावा अशीच त्याची रचना आहे. कागदावर हेच जिंकत होतं. पण त्याला सिम लागतं. सिम कुणाच्या नावावर? सेक्रेटरी दर दोन वर्षांनी बदलतो, आणि कॉमन पॅसेजच्या दिव्याचं बिल भरायलासुद्धा आमच्याकडे तीन आठवणी कराव्या लागतात.

राहिलं लोरा. त्याचा जन्म फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीत झाला. २०१२ मध्ये ती सेमटेक या अमेरिकन कंपनीनं विकत घेतली. युक्ती मजेशीर आहे. आमच्या गल्लीतला फेरीवाला शब्द ओढत, सूर चढवत हाक देतो, म्हणून ती रहदारीच्या गोंगाटातून चौथ्या मजल्यावर पोचते. लोरा रेडिओ लहरींचं तसंच काहीसं करतं. फ्रिक्वेन्सी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेतं. जितकं जास्त ओढाल तितकं लांब ऐकू जातं, पण तितका वेळही लागतो. सगळ्यात संथ चालीत सेकंदाला तीनशे बिटसुद्धा जात नाहीत. फोटो पाठवायचा विचारही करू नका. पण दोन टाक्यांची पातळी सांगायला मला तीनच बाइट हवे होते. भारतात ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा छोटा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. आणि वेगवान चालीत एक निरोप सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच जातो. बाकी वेळ झोप. या उपकरणांची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते ती कमी बोलण्यामुळे, आणि त्याहून जास्त गाढ झोपल्यामुळे.

मी मोठा आराखडा काढला. गच्चीवर लोरावॅनचा गेटवे, तिथून इंटरनेट, सर्व्हर, सगळ्यांच्या फोनवर ॲप. काका हाताला प्लास्टर घालून गॅलरीत बसले होते, त्यांना लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, ‘उद्या तू पुण्याला, बंगलोरला गेलीस, की हे कुणी बघायचं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिगफॉक्स आठवलं. याच कामासाठी अनेक देशांत जाळं उभारणारी फ्रेंच कंपनी. जानेवारी २०२२ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एप्रिलमध्ये सिंगापूरच्या युनाबिझनं ती घेतली म्हणून निभावलं. नाहीतर बॅटरी शाबूत असलेले सेन्सर नुसते हाका मारत बसले असते, ऐकणारं कुणी नाही. तोवर मी प्रत्येक तंत्राची रेंज, वेग आणि बॅटरी यांचा तक्ता केला होता. ‘सांभाळणार कोण’ हा रकाना त्यात नव्हता.

काका गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होईपर्यंत. ते म्हणाले, ‘आम्हाला कुठं ॲप होतं? भोंगा व्हायचा. अख्खं गिरणगाव उठायचं.’

भोंग्यात माहिती किती? वेळ झाली, एवढीच. पण ती ऐकायला कुणाकडे काही असावं लागत नव्हतं.

मी गेटवे, सर्व्हर, ॲप सगळं खोडलं. आता गच्चीवर एक डबी, तळटाकीवर एक आणि काकांच्या खोलीत तिसरी. लोराच, पण डबीकडून थेट डबीकडे, मध्ये इंटरनेट नाही. पाणी येण्याच्या वेळेत दर दोन मिनिटांनी निरोप, इतर वेळी तासाला एक. तळटाकीत पाणी यायला लागलं की काकांची डबी एकदा वाजते, वरची टाकी भरत आली की तीनदा. पंप आपोआप चालवायचा मोह मी आवरला. बटण काकांच्याच हाताखाली ठेवलं, आणि त्यांचा पगारही राहिला.

चुका झाल्याच. तळटाकीच्या लोखंडी झाकणाखाली अँटेना ठेवली तेव्हा निरोप बाहेर पडेचना. ती बाहेर काढावी लागली. गच्चीवरच्या सेन्सरवर पहाटे वाफेचे थेंब जमले आणि अर्धी टाकी असतानाच डबी तीनदा वाजली. त्या दुपारी तिसरा मजला माझ्या दारात होता. आता तीन मोजमापं घेऊन मधलं धरते.

पंपाच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, मराठीत, मोठ्या अक्षरात. बॅटरी कुठली, कधी घातली, कशी बदलायची. सेक्रेटरी बदलला तरी कागद तिथेच राहील. पहिली ओळ काकांनी सांगून लिहून घेतली: ‘डबी वाजली नाही तर काठी टाकून पाणी बघा.’

खुणा केलेली ती बांबूची काठी शेजारी खिळ्याला टांगलेली आहे.