मिरचीला वकील लागतो!

तोरणमाळची थंडी, सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि सातपुडा. नंदुरबार म्हटलं की आपली लिस्ट इथंच संपते. त्यात आणखी एक नाव अ‍ॅड करून टाका : मिरचीच्या पथाऱ्या!

दिवाळीच्या आसपास शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर ओल्या मिरचीचे लालभडक गालिचे पसरतात. बायका तोंडाला पदर बांधून देठ खुडत असतात. दोन मिनिटांत आपल्याला शिंका सुरू, त्यांचे हात मात्र थांबत नाहीत. ‘‘फोटो काढा ताई, पण आभाळाकडेही लक्ष ठेवा,’’ एक व्यापारी मला म्हणाले. पथारीवर पाऊस पडला तर नुसता रंग जात नाही, परदेशातला सौदाही जाऊ शकतो.

कसा? ओली राहिली की मिरचीला बुरशी येते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष. युरोपियन युनियनमध्ये किलोमागे जास्तीत जास्त १० मायक्रोग्रॅम चालतं. त्यापुढे गेलं की कंटेनर बंदरातच अडकतो. २००३ मध्ये भारतीय मिरचीत सुदान हा बंदी असलेला रंग सापडला, तेव्हापासून तर तिथले नियम आणखी कडक झाले.

परदेशी व्यापार या गावाला नवा नाही. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची वखार इथं होती. समुद्र मात्र तेव्हाही लांब आणि आजही. बोट गाठायची तर हजिरा नाही तर न्हावाशेवा.

सुरुवातीचे कागद सोपे आहेत. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी हवीच. कस्टम्समधून माल काढायला लायसन्सवाला कस्टम्स ब्रोकर असतो. पण ब्रोकर म्हणजे वकील नव्हे! माल नाकारला गेला तर नुकसान कुणाचं, हे ठरतं करारातल्या शब्दांवर. आणि ते शब्द तपासायचं काम वकिलाचं.

उदाहरणार्थ, सीआयएफ. भाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून जोखीमही पोचेपर्यंत त्याचीच, असं वाटतं ना? चूक. माल बोटीवर चढला की वाटेतली जोखीम घेणाऱ्याची. पण बुरशी जर पथारीवरूनच आली असेल, तर ती विकणाऱ्याच्याच गळ्यात. म्हणून नमुना कुठल्या लॅबमध्ये, कधी तपासायचा आणि कुणाचा रिपोर्ट अंतिम, हे आधीच लिहून घ्यायचं.

दुसरं, भांडण कुठं लढायचं? आपल्या कोर्टाचा निकाल परदेशात बजावून घेणं कटकटीचं. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून जास्त देशांत लागू करून घेता येतो. करारातलं लवादाचं एक कलम म्हणूनच लाखमोलाचं.

याच जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन पाहिलंत तर गंमत कळेल. प्लॅटफॉर्मवरचं बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बोटीचंही असंच. वाटेत माल खराब झाला तर २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याखाली कोर्ट जहाजच अडकवून ठेवू शकतं. पण जहाज न्हावाशेव्याला असेल तर मुंबई हायकोर्ट, हजिऱ्याला असेल तर गुजरात हायकोर्ट. जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून वकिलाचा नंबर आधीच खिशात हवा.

एवढी मेहनत त्या खुडणाऱ्या हातांची, ती चार ओळींच्या ढिल्या करारापायी बंदरात सडायला नको. कंटेनर भरल्यावर वकील शोधण्यापेक्षा सही करण्याआधी त्याची फी दिलेली परवडते.

कसं जाल? : मुंबईहून सुरतमार्गे रेल्वे, पुण्याहून नाशिक-धुळे रस्ता.
कधी? : दिवाळी ते फेब्रुवारी.
सोबत काय? : गॉगल आणि मोठा रुमाल. मस्ट!