आईची पहाटेची झोप

दोस्तांनो, तुमच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं? आमच्या पुण्यातल्या वाड्यात ते पहाटे चारच्या सुमाराला यायचं. नेमकं कधी, ते नळालाच ठाऊक! आई साडेतीनलाच उठून मोरीपाशी पाट टाकून बसायची. वाट बघता बघता भिंतीला टेकूनच तिचा डोळा लागायचा. मी तेव्हा आठवीत होतो. मनात आलं, पाणी आल्याची वर्दी देणारी घंटा केली तर?

साठवलेले पैसे घेऊन तापकीर गल्ली गाठली. नऊ व्होल्टची बॅटरी, छोटासा बझर, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि 'बीसी ५४७' हा ट्रान्झिस्टर घेतला. हरभऱ्याएवढं डोकं आणि तीन पाय, असा हा गडी! १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला आणि १९५६ साली त्याबद्दल तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं.

जोडणी अगदी सोपी. बझरची अधिक बाजू बॅटरीच्या अधिक टोकाला, उणे बाजू ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या उणे टोकाला. आता दोन लांब वायरी घ्यायच्या. एक बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरी रेझिस्टरमधून मधल्या पायाला, म्हणजे बेसला. दोन्ही वायरींची सोललेली टोकं प्लॅस्टिकच्या बादलीत, तळापासून बोटभर वर, एकमेकींना न चिकटता सोडायची. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून अगदी थोडी वीज वाहते. तेवढी बेसला पुरते, ट्रान्झिस्टर मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी करतो आणि बझर बोंबलतो.

पण माझा बझर मुका! दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी दुकानदारकाका हसून म्हणाले, "अरे, पालथा बसवलास की!" सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पाय बदलले आणि टीं टीं सुरू!

आवाज मात्र बेताचाच. आई झोपायची माजघरात, तिला तो ऐकूच जाईना. मग मला अक्कल सुचली. दारावरची घंटा केवढी मोठ्यानं वाजते! तीच जोडू या. स्टुलावर चढून मी बोर्डाचा स्क्रू काढायला घेतला, तेवढ्यात बाबा आले. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग मला खाली उतरवलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. पण ते माझा हात धरून नुसते उभे राहिले. त्यांचाच हात थरथरत होता.

मग हळूच म्हणाले, "त्या बोर्डात २३० व्होल्ट आहेत. ती वीज तू बादलीत सोडणार होतास. सकाळी त्या बादलीत पहिला हात कुणाचा गेला असता?"

मी काहीच बोललो नाही. उत्तर मला माहीत होतं.

त्या रात्री बाबा आणि मी मिळून उपाय काढला. आवाज वाढवायचा नाही, वायर वाढवायची! बझर सरळ आईच्या उशाशी ठेवला. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. आई दचकून उठली, मला शोधत आली आणि माझ्या केसांतून हात फिरवून मोरीकडे गेली.

दोस्तांनो, तुम्हीही करून बघा. बॅटरीवरच करा. सोल्डरिंग करायचं असेल, तर मोठ्या माणसाला शेजारी बसवा. काही आठवड्यांनी वायरीची टोकं काळपट-हिरवी पडतील, ती पॉलिशपेपरनं घासा. भिंतीतल्या विजेला मात्र हात लावायचा नाही. आणि पालकहो, घरात स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणी खुडबूड करत असेल, तर त्याला रागावण्याआधी शेजारी जाऊन बसा. माझे बाबा त्यानंतर नेहमी बसायचे.