नंबर लागला!

आमच्या लहानपणी ‘नंबर’ हा लावायचा असे. गॅसला नंबर, फोनला नंबर, स्कूटरला नंबर. गिरगावातल्या आमच्या चाळीत कुणाचा नंबर लागला की पेढे वाटले जात, आणि पेढा खाता खाता बाकीचे विचारत, “वशिला कुणाचा लावलात?”

१९७४ साली मावशीचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका देवापुढे ठेवण्याआधी रेशनिंग ऑफिसात गेली. जादा साखरेचं परमिट पत्रिका दाखवल्याशिवाय मिळत नसे. साधेपणाचे ते दिवस किती छान होते, असं हल्ली आमच्याच वयाचे लोक म्हणतात. त्यांच्या घरी रॉकेलच्या रांगेत बहुधा दुसरं कुणीतरी उभं राहत असणार.

बाबांनी १९८१ साली चेतक स्कूटरला नंबर लावला. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या शालूखाली ठेवलेली. दर दिवाळीला कपाट आवरताना ती निघे, बाबा तिच्यावरची धूळ पुसत आणि परत ठेवत. डॉलर भरणाऱ्याला तीच स्कूटर लवकर मिळे. पण आमचं अमेरिकेत कुणी नव्हतं. नंबर लागला तो ताईच्या लग्नाच्या महिन्यात. हाती होतं-नव्हतं ते सगळं लग्नात गेलेलं. बाजारात अशा नंबरला किमतीवर चांगला ‘ऑन’ मिळत होता. बाबांनी एक पैसाही ऑन न घेता तो ऑफिसातल्या मित्राला देऊन टाकला. आईने हे त्यांना कधीच माफ केलं नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं.

मग १९९१चा जुलै. पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ ४७ टन सोनं विमानाने परदेशी गहाण गेलं. परकीय चलनाचं गणित आजीला कळत नव्हतं, पण गहाण हा शब्द तिला नेमका कळला. “सोडवणार कोण?” एवढंच तिने विचारलं. २४ तारखेला मनमोहनसिंगांनी अर्थसंकल्प मांडला. गॅस, पेट्रोल आणि रेशनची साखर महागली, यावर गॅलरीत रात्री उशिरापर्यंत वाद चालला. बहुतेक उद्योगांवरची लायसनची सक्ती त्याच दिवशी रद्द झाली होती. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

१९९४ साली बाबा पुन्हा स्कूटर घ्यायला निघाले. सवयीने रेशनकार्ड, पगाराचा दाखला, दोन फोटो असं सगळं बरोबर घेतलं. शोरूममध्ये स्कूटरी ओळीने उभ्या होत्या. विक्रेत्या पोराने खुर्ची दिली, थंड मागवलं. बाबा कागद काढायला लागले, तर तो म्हणाला, “काका, ते नंतर. आधी सांगा, रंग कोणता काढू?”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे.

“जो असेल तो,” बाबा म्हणाले.