बेबाकी आणि तडजोड

कर्ज संपल्याचे सांगणारे शब्द आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. कर्ज फिटले, मिटले, बुडाले, माफ झाले, खाते बेबाक झाले. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि घरातल्या घरात त्याने काही बिघडतही नाही. परंतु ज्या कागदावर हल्ली गृहस्थाची पत जोखली जाते, त्यास हा सैलपणा खपत नाही. त्या पतअहवालाविषयी थोडे लिहावे असे आम्हांस वाटले, कारण त्याचा चटका या वर्षी आमच्याच घरास बसला.

आमच्या भंडाऱ्यात या अहवालास सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. वास्तविक ते २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या एका संस्थेचे नाव. २००५ साली या कामासाठी कायदा झाला आणि आज अशा चार संस्था देशात आहेत. ३०० पासून ९०० पर्यंतचा एक गुणांक त्या देतात. विद्यार्थ्याच्या पालकाने प्रगतिपुस्तकातील क्रमांक तेवढा पाहून पुस्तक मिटावे, तसे लोक तो गुणांक पाहतात व थांबतात. खरी मेख आतल्या पानांत असते. तेथे प्रत्येक कर्जाचे खाते, गेल्या छत्तीस महिन्यांत हप्ता किती दिवस चुकला याची नोंद आणि ते खाते कसे संपले याचा शब्द असतो. पूर्ण फिटले असेल तर ‘क्लोज्ड’. कमी रकमेवर तडजोड झाली असेल तर ‘सेटल्ड’. बँकेने बुडीत धरले असेल तर ‘रिटन ऑफ’.

आमच्या पुतण्याचे भांड्यांचे लहानसे दुकान आहे. २०२० साली टाळेबंदीत ते बंद पडले, तेव्हा क्रेडिट कार्डावर उचललेले सुमारे पंचेचाळीस हजार रुपये त्यास फेडता आले नाहीत. व्याज व दंड चढत चढत रक्कम ब्याण्णव हजारांवर गेली. पुढे बँकेच्या माणसाचा फोन आला की चाळीस हजार एकरकमी भरा, विषय संपवू. पुतण्याने उसनवारी करून पैसे भरले. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे पत्रही आले. ते त्याने देवघरातल्या फडताळात जपून ठेवले.

या वर्षी त्याच्या मुलीस नागपुरास अभियांत्रिकीत प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जास वडिलांची सही सहकर्जदार म्हणून लागते. अर्ज परत आला. “काका, मी तर पैसे भरले, पत्र आहे माझ्याजवळ,” असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती.

पत्र खोटे नव्हते आणि अहवालही खोटा नव्हता. बँकेचे आता तुमच्याकडे मागणे उरले नाही, एवढेच पत्र म्हणते. अहवाल तुमच्याशी बोलतच नाही. तो पुढच्या सावकारास सांगतो की मागच्याच्या पदरी ठरल्यापेक्षा कमी पडले. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हा भेद स्पष्ट आहे. ऋण थोडेथोडे फेडले तर दिलेली रक्कम लेखाच्या पाठीवर लिहावी आणि सर्व फिटल्यावर लेख फाडून टाकावा किंवा फिटल्याचा दुसरा लेख करवून घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. तडजोडीचे खाते म्हणजे पाठीवर लिहिलेला, पण न फाडलेला कागद होय. या संस्थांना तो किमान सात वर्षे जपून ठेवावा लागतो.

स्मृतिकारांनी आणखीही एक मर्यादा घातली होती. एकरकमी परत करावयाच्या पैशावरील व्याज मुद्दलासह दुपटीपलीकडे जाऊ नये असे मनू म्हणतो, आणि हीच रूढी पुढे दामदुप्पट म्हणून न्यायालयांतही चालली. पंचेचाळीसांचे ब्याण्णव झालेले पाहून तिची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही. असो.

‘रिटन ऑफ’विषयीचा गैरसमज तर याहून मोठा आहे, आणि आमच्या धानाच्या जिल्ह्यात त्यास कारणही आहे. २००८, २०१७ व २०१९ अशा तीन वेळा येथील शेतकऱ्यांनी सरकारी कर्जमाफी ऐकली. तेथे बँकेचे पैसे सरकार भरते, म्हणून तेवढे कर्ज खरोखर संपते. बँकेने खाते निर्लेखित केले म्हणजे कोणीच काही भरलेले नसते. बुडीताचा बोजा हिशेबातून काढण्याची ती बँकेची अंतर्गत सोय आहे. ऋणकोवरील हक्क तिने सोडलेला नसतो व वसुली चालूच राहते, हे रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. पतअहवालात तिन्हींपैकी सर्वांत जड शब्द तोच.

त्याच परिपत्रकाप्रमाणे, शेतीखेरीज इतर कर्जात तडजोड करणाऱ्यास तीच बँक निदान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. म्हणून तडजोड करूच नये असे आम्ही म्हणणार नाही. घरात दाणा नसताना पतीची चिंता करीत बसण्यात शहाणपण कसले? पण सही करण्यापूर्वी अहवालात कोणता शब्द पडणार हे विचारावे, आणि ऐपत असेल तर थोडी मुदत मागून पूर्ण फेड करावी.

आमच्या घरी यावर दोन दिवस खल झाला. “जे मिटले ते पुन्हा कशास भरायचे?” हा वहिनींचा प्रश्न रास्तच होता, कारण कायद्याने ते बावन्न हजार देणे नव्हतेच. शेवटी सर्वांनी मिळून पहिल्या वर्षाचे शुल्क भरले. पुतण्याने बँकेस लिहिले की उरलेली रक्कम घेऊन खाते ‘क्लोज्ड’ कळवाल काय. बँकेवर तसे बंधन नसते. लेखी होकार आल्यावरच त्याने पैसे भरले व बेबाकीचा दाखला घेतला. शब्द पालटला. चुकलेल्या हप्त्यांचे महिने मात्र नोंदीत राहिले आहेत. दुसऱ्या वर्षासाठी कर्जाचा अर्ज पुन्हा करावयाचा आहे.

अहवाल पाहण्यास पैसे लागत नाहीत. २०१७ पासून प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. आणि अहवाल हाती आला की आपण ज्यांस जामीन राहिलो ती खातीही पाहावीत. मूळ ऋणकोच्या कर्जाची नोंद जामीनदाराच्या अहवालातही असते.