अर्धा बाक

सुरतेकडची गाडी यायला अजून चाळीस मिनिटं आहेत. नाना बाकाच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला बसलेत, आई आणि मी गुजरातेत, आणि मधल्या रंगवलेल्या रेघेवर आमची बॅग. ही बॅग कुठल्या राज्यात धरायची, हे नवऱ्यानं विचारून झालंय. नाना जावयाला बरं वाटावं म्हणून हसले. रेल्वेत पॉइंट्समनची नोकरी केलेल्या माणसानं हा विनोद दिवसातून दोनदा तरी ऐकलेला असणार.

नवापूर स्टेशनावरचा हा बाक आता नावाजलाय. एका अंगाला महाराष्ट्र लिहिलंय, दुसऱ्या अंगाला गुजरात. आत्ताच दोन पोरं आली, "काका, जरा उठता का, फोटो काढायचाय," म्हणाली. नाना लगेच उठले, आणि फुकटात माहितीही देऊन मोकळे झाले. स्टेशन जुनं, तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लाइनवरचं. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि रेघ नेमकी फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात राहिली, स्टेशन मास्तर गुजरातेत. फलाटाच्या एका बाजूला दारूची बाटली सापडली तर गुन्हा, दुसऱ्या बाजूला नाही. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटते. आम्ही मात्र इथं वाढलो, शाळेला जाताना हजारदा ती रेघ ओलांडली, आणि एकही फोटो काढला नाही.

माझी पहिली खरी सरहद्द मला कागदावर भेटली, आणि तीही आइंडहोवनमध्ये. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही नेदरलँडमध्ये गेलो. तिथं राहायचं तर आधी खेमेंटेत, म्हणजे त्यांच्या नगरपालिकेत, नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी जन्मदाखला हवा. माझा जन्म १९९३ चा, नंदुरबारचा. दाखल्यावर जिल्हा धुळे. बाकी सगळ्या कागदांवर जिल्हा नंदुरबार. खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे लहानपणी तुम्ही धुळ्याहून नंदुरबारला राहायला गेलात?"

"नाही. मी होते तिथंच होते. जिल्हा हलला."

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. घर तेच, रस्ता तोच, लाल मिरचीचा ठसका तोच. हे सगळं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. बाई गंभीरपणे टाइप करत होत्या. मग थांबल्या आणि म्हणाल्या, इथून तासा-दीड तासावर बार्ले नावाचं गाव आहे, तिथं जाऊन या. तुम्हाला आवडेल.

मी ते नाव लिहून घेतलं आणि विसरले. कारण मग पाहुणे सुरू झाले.

युरोपात राहणाऱ्या मराठी जोडप्याचं घर म्हणजे धर्मशाळा. त्यात आमची दीड खोली. मामेदीर आला, त्याला चार दिवसांत पाच देश करायचे होते. नवऱ्याचे कॉलेजातले तिघं आले, त्यांनी फ्रीज रिकामा केला आणि भांडी घासली, म्हणून त्यांना माफ केलं. पॅरिस आम्ही चारदा पाहिलं, चारदाही आयफेलच्या रांगेत. रोम एकदा, उन्हात. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही; ते सगळं फोटोत आहे आणि फोटोत आम्ही दोघं दमलेलो आहोत. पाहुणे गेले की रविवारी आम्ही चादरी धुवायचो आणि दोघंच कालव्याच्या काठानं सायकली हाकायचो. आमचं खरं फिरणं तेवढंच.

सासू-सासरे आले तेव्हा मात्र फिरण्याचा वेग उतरला. आबा शहाद्याकडचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी. त्यांना आम्ही फाल्सला नेलं. नेदरलँड, बेल्जियम आणि जर्मनी तिथं एका दगडापाशी मिळतात. ती जागा म्हणजे त्या सपाट देशाच्या युरोपातल्या भागातला सगळ्यात उंच डोंगर, म्हणे. उंची ३२२ मीटर. आबांनी पाटी वाचली, वळून खाली पाहिलं आणि म्हणाले, "आमचं तोरणमाळ अकराशेच्या वर आहे. तिथं तर याला टेकाडही म्हणणार नाहीत." मग ते दगडाभोवती फिरले, तीन देशांत तीन पावलं टाकली. शेजारी शाळेची पोरं गोल धावत होती, देश मोजत. पहिल्या महायुद्धाआधी तर इथं मोरेसनेट नावाचा इवलासा चौथा प्रदेशही येऊन मिळत होता, असं तिथं लिहिलंय. आबा बराच वेळ गप्प होते. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "आपल्या जिल्ह्यातबी असा ठिकाणा आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्यप्रदेश. नर्मदेत. पण तिथं दगड लावता येत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलाय."

अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पट्ट्यात त्यांची बरीच वर्षं गेली. नदीकाठच्या तेहेतीस गावांच्या वाट्याला ते पाणी आलं. ते पुढं काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर गाई चरत होत्या, एका रांगेत, सगळ्यांच्या कानाला पिवळे बिल्ले.

माझे आई-नाना २०२२ च्या एप्रिलात आले. त्याआधीचा कागदांचा महिना मी विसरत नाही. खेमेंटेत जाऊन हमीपत्रावर सही करायची, ती तिथल्याच शिक्क्यानं खरी ठरवून घ्यायची. तीस हजार युरोंचा प्रवास विमा काढायचा. आणि हे दोघं परत येतील, याचा पुरावा जोडायचा. नानांनी जन्मात एकच गाव केलं. बदली झाली तीही पुढच्या स्टेशनावर, आणि सहा महिन्यांत अर्ज करून ते परत आले. अशा माणसाला परत येणार असल्याचा पुरावा द्यावा लागला. त्यांनी पेन्शनचं पुस्तक जोडलं, घरपट्टीची पावती जोडली, सातबारा जोडला. "बाकाचा फोटो जोडू का?" असंही फोनवर विचारलं.

एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस, हा शेंगेन व्हिसाचा हिशोब. आईनं येतानाच कालनिर्णय आणलं होतं. आल्या रात्री ते स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं, आणि नव्वदाव्या चौकोनाला पेनानं गोल केला.

कालनिर्णयाबरोबर आलं खापर. हातातल्या पिशवीत, गोधडीत गुंडाळून, बाळासारखं. मांडे भाजायचं मातीचं खापर, चुलीवर पालथं ठेवायचं. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या पोरानं विचारलं, हे काय? आई म्हणाली, तवा. त्यानं वाकून पाहिलं आणि जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी आईनं पुरण शिजवलं, कणीक तिंबून तिंबून तारेसारखी केली, दोन्ही हातांवर मांडा झुलवत फिरवला, कोपरापर्यंत आला. काचेसारखा पातळ, आतलं पुरण पिवळं दिसणारा. मी खापर शेगडीवर पालथं घातलं, बटण दाबलं. शेगडीनं टीं टीं केलं आणि बंद पडली. इंडक्शनची शेगडी, तिला लोखंड लागतं. माती तिला ओळखू येत नाही.

आई हातावरचा मांडा तोलत उभी. "आनि आग कोठे शे?" तिनं विचारलं.

आग कुठंच नव्हती. भाड्याच्या घरात गॅस नव्हता, बाल्कनीत शेगडी पेटवायला मनाई. शेवटी मांडा घडी घालून नॉनस्टिक तव्यावर टाकला. चव बरी होती, पण त्याला मांडा म्हणायला आई तयार होईना. म्हणाली, ही पुरणपोळी झाली. खापर मग खिडकीत गेलं. डच घरांत पडदे उघडे आणि खिडकीत काहीतरी शोभेचं मांडलेलं असतं. आमच्या खिडकीत खापर. शेजारच्या आजीबाईंनी ते कुठल्या कुंभाराचं शिल्प म्हणून विचारलं.

ट्युलिप पाहायला नेलं, सगळे नेतात तसं. लिसे गावाच्या बाहेर लाल फुलांची पट्टी क्षितिजापर्यंत गेलेली. आई नकळत पदर नाकाला लावून उभी राहिली. नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीपुढून जाताना लावतात तसा. मग लक्षात आलं, या लालीला ठसकाच नाही, वासही नाही. पलीकडं एक यंत्र फुलांची मुंडकी छाटत चाललं होतं. कंद पोसावा म्हणून ते फुलं कापून टाकतात. विकायचा असतो कंद. नाना फारच अस्वस्थ झाले. "दाखवायला ठेवतात आणि मग कापतात?" असं दोनदा म्हणाले. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पथारीवर देठं खुडणाऱ्या बायकांचे हात रात्री कसे भगभगतात, ते मला आठवत राहिलं.

बार्ले मात्र नानांसाठीच राहिलं होतं, असं मला अजून वाटतं. टिलबर्गहून बस. गाव एकच, चौक एकच, पण नगरपालिका दोन, महापौर दोन. बार्ले-नासाऊ नेदरलँडचं, बार्ले-हेर्टोख बेल्जियमचं. आणि बेल्जियम इथं सलग नाही, त्याचे बावीस तुकडे डच जमिनीत पसरलेत. त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा डच तुकडे. बाराव्या शतकाच्या शेवटी एका ड्यूकनं आणि एका सरदारानं जमिनी वाटून घेतल्या, त्याचे हे कपटे. रस्त्यावर पांढऱ्या फुल्यांची रेघ आहे. ती फुटपाथवरून जाते, दुकानात शिरते, कॉफीच्या टेबलाखालून बाहेर पडते. घर कुठल्या देशाचं, हे पुढच्या दारावरून ठरतं. दार ज्या देशात उघडतं, त्या देशाचं घर. एका घराच्या दारामधूनच रेघ गेलीय, त्याला दोन नंबर आहेत. २०२० च्या मार्चात बेल्जियमनं दुकानं बंद केली आणि हॉलंडनं केली नव्हती, तेव्हा इथं एका कपड्यांच्या दुकानाचा अर्धा भाग पट्टी लावून बंद होता आणि अर्ध्यात विक्री चालू.

नाना फुल्यांवर चालत होते, एका पायाखाली एक देश. इतके खुश मी त्यांना क्वचित पाहिलंय. "हाई ते आपलं नवापूरच शे," म्हणाले. मग कामाचा प्रश्न: "पण इथं स्टेशन मास्तर कुठं बसतो?"

आता स्टेशन नव्हतं. एके काळी गावाला रेल्वे होती, टिलबर्गहून बेल्जियमच्या टर्नहाउटला जाणारी. सरहद्दीवर प्रवासी आणि माल तपासायला भलंमोठं स्टेशनही बांधलेलं होतं. १९३४ ला प्रवासी गाड्या थांबल्या. आता त्या लाइनीवर सायकलचा रस्ता आहे. आम्ही तिथवर चालत गेलो. झाडांमधून सरळ, नजर पोचेपर्यंत सरळ. नानांनी एकदा डावीकडं पाहिलं, एकदा उजवीकडं. "लाइन आहे ही," म्हणाले. "रस्ता इतका सरळ कोणी काढत नाही." कडेच्या गवतात बसून त्यांनी बोटांनी माती उकरली, एक टोकदार दगड काढला, अंगठ्यानं पुसला. रुळाखालची खडी आहे की नुसता दगड, यावर ते बराच वेळ विचार करत होते. आई म्हणाली, "उठा आता, लोक बघतात." सायकलवाले जात होते. नाना उठले, आणि पुढचा सायकलवाला आला तेव्हा त्यांनी उजवा हात वर धरला. फलाटावरून जाणाऱ्या गाडीला ऑल राइट देतात, तसा. त्या माणसानं घंटी वाजवली. मग पुढच्यानंही. नानांनी पंधरावीस सायकली पास केल्या.

त्या गावात मी चाळीसेक फोटो काढले. नानांनी विचारलं, "आपल्या बाकावरचा एक तरी आहे का तुझ्याकडं?"

नव्वदावा चौकोन जूनअखेरीस आला. खापर राहिलं, आई म्हणाली, पुढल्या वेळी चुलीचं बघ.

यंदा आम्ही आलो. एकोणीस दिवसांची रजा. घरात पाऊल टाकलं तर समोर कालनिर्णय, आणि आजच्या तारखेला पेनानं गोल. आईनं आम्हाला चांगल्या कपांत चहा दिला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, निळ्या काठाच्या. मी भांडी घासायला उठले तर "बस गं, दोन दिवसांसाठी येतेस," म्हणाली. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. आम्ही आमच्या पाहुण्यांना हेच म्हणायचो.

घोषणा झाली, आधी गुजरातीत की मराठीत ते या गडबडीत कळलं नाही. आमचा डबा पार पुढं लागतो, गुजरातच्या टोकाला. नानांनी बॅग उचलू दिली नाही. आईनं माझ्या पर्समध्ये काहीतरी कोंबलं. तिखटाची पुडी असणार, कारण मला लगेच शिंक आली. गाडी दोनच मिनिटं थांबते. आम्ही चढलो, दारात उभे राहिलो. आई पदर सावरत मागंच थांबली, नाना डब्याबरोबर चार पावलं चालले आणि फलाटाच्या कडेला सरळ उभे राहिले. गाडी हलली. त्यांनी उजवा हात वर धरला.