सोडलेला माणूस

मराठी शिकविता शिकविता इंग्रजी शब्दांची कुळी शोधण्याचे मला व्यसन जडले. त्यात ‘डेस्टिट्यूशन’ हा शब्द एकदा जो हाती लागला, तो अजून मनातून जात नाही. त्याचा रूढ अर्थ अठराविश्वे दारिद्र्य. घरात दाणा नाही, अंगावर धड वस्त्र नाही, डोक्यावर छप्पर नाही, अशी दशा.

पण मुळात या शब्दाचा पैशाशी काही संबंध नव्हता. लॅटिनमध्ये ‘डी’ म्हणजे दूर आणि ‘स्टॅट्युएरे’ म्हणजे ठेवणे, उभे करणे. जो दूर ठेवला, वाऱ्यावर सोडला, तो ‘डेस्टिट्यूट’. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तो याच अर्थाने आला. कफल्लकपणा त्याला चिकटला तो सोळाव्या शतकात.

गंमत अशी, की हे घराणे आपल्या नात्यातले! लॅटिनमधले ते मूळ आणि संस्कृतातला ‘स्था’ धातू एकाच आदिकुळातले. तिकडे ‘इन्स्टिट्यूशन’ आणि ‘डेस्टिट्यूशन’ सख्ख्या बहिणी. इकडची ‘संस्था’ त्यांची चुलत बहीण. एकीने माणसांना एकत्र उभे केले, दुसरीने एकाला बाहेर काढले.

इंग्लंडात १८३४ साली गरिबांचा कायदा बदलला आणि या शब्दावर माणसांचे पोट ठरू लागले. नुसत्या गरिबाला मदत नाही. जो अगदी कंगाल, त्यालाच. आणि तो धडधाकट असेल तर वर्कहाउसच्या भिंतीआड. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. आधीच टाकलेल्या माणसाजवळ जी चार माणसे उरली होती, तीही अशी दुरावली. डिकन्सचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ १८३७ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला, तो या कायद्याच्या छायेत.

आपण मात्र फार शहाणे होण्याचे कारण नाही. आपला रोजचा ‘गरीब’ हा शब्द अरबी. तिथे त्याचा अर्थ परका, परदेशी. आपल्या ‘निराधार’लाही आधी आधार हवा, मगच तो गेला असे म्हणता येते. तीन शब्द तीन दिशांनी आले आणि एकच गोष्ट सांगून गेले: ज्याला आपले म्हणणारे कोणी नाही, तो खरा दरिद्री.

व्याकरणाच्या मास्तराला आणखी एक गोष्ट खटकते. ‘सोडलेला’ हे कर्मणी रूप. त्यात कर्ता दिसत नाही. पण ज्याअर्थी कोणी सोडलेला आहे, त्याअर्थी सोडणाराही असतोच. दारिद्र्याची चर्चा करताना आपण त्या माणसाचा खिसा तपासतो, आळस मोजतो, नशीब काढतो. वाक्यातला कर्ता तेवढा शोधायचा राहून जातो.