मामाचा तीन नंबर

आमच्या घरी दाराआड गोल्फच्या दोन काठ्या उभ्या आहेत असं सांगितलं तर तुम्ही हसाल. कारकुनाच्या घरात गोल्फ! पण आहेत खऱ्या. त्या माझ्या मामाच्या. गेल्या वर्षी मामा गेला आणि मामीने त्या माझ्या हातात ठेवल्या. 'तुका जाय आशिल्ल्यो न्हय?' एवढंच म्हणाली.

मामा मुंबईत एका क्लबात कॅडी होता. साहेबांची पिशवी खांद्यावर घ्यायची, अठरा भोकं पायी चालायची, चेंडू कुठे पडला ते पाहायचं आणि विचारलं तरच बोलायचं. 1990च्या सुमारास साहेबलोक लाकडी डोक्याच्या काठ्या टाकून धातूच्या घेऊ लागले. त्या टाकलेल्यांतल्या दोन मामाने गावी आणल्या. एक नंबर आणि तीन नंबर. डोकी परसिमनच्या लाकडाची. हे झाड अमेरिकेतलं, पण आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं.

मे महिन्यात मामा आला की घरामागच्या सुक्या शेतात आमचा खेळ चाले. विटीदांडू, म्हणजे आमचा कोयंडो-बाल, खेळून हात तयार झालेला, त्यामुळे हेही तसंच असेल असं वाटायचं. आमचा दादा व्यायामशाळेत जाणारा. तो दात-ओठ खाऊन काठी हाणी आणि चेंडू जेमतेम पन्नास पावलं सरपटत जाई. मग सडपातळ मामा उभा राही, काठी सैल धरून फिरवी आणि चेंडू मेरेवरच्या माडाच्या पलीकडे! दादा चिडला की मामा म्हणे, 'बळ नाका, वेग जाय.'

मी आर्ट्सचा माणूस. बळ आणि वेग यांत फरक काय, हे कळायला मुलगा इंजिनीयरिंगला जावा लागला. त्याने वहीत मांडून दाखवलं. काठीचं डोकं सुमारे 200 ग्रॅमचं, चेंडू सुमारे 46 ग्रॅमचा, आणि दोघांची भेट सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाची. एवढ्या वेळात दंडाचा जोर चेंडूपर्यंत पोचतच नाही. डोकं त्या क्षणी किती वेगात होतं आणि चेंडू डोक्याच्या मध्यावर लागला की कडेला, एवढंच उरतं. नीट मध्यावर लागला तर चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट. व्यावसायिक खेळाडूंचं डोकं ताशी 180 किलोमीटरच्या आसपास फिरतं, म्हणजे चेंडू 270ने सुटतो. दादा स्नायू आवळून धरायचा, तिथेच मनगट अडायचं आणि वेग मरायचा.

पण मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच.

मामाने एकदाच सांगितलेली गोष्ट. एक वयस्क साहेब एक नंबरनेच मारायचे. चेंडू थोडा उडून खाली यायचा. एके दिवशी मामा न विचारता बोलला, 'साब, तीन नंबर लीजिए.' बरोबरचे लोक हसले. साहेबांना अपमान वाटला. मामाला महिनाभर काम मिळालं नाही. त्या वर्षी चवथीला तो गावी आला नाही, कारण तिकिटाला पैसे नव्हते. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

'मामा बरोबर होता का रे?' मी विचारलं.

मुलगा म्हणाला, 'शंभर टक्के.' एक नंबरचा चेहरा जवळजवळ उभा, 10-11 अंश कललेला. तीन नंबरचा 15-16. कल जास्त तर चेंडू जास्त उंच निघतो आणि उलटा फिरतोही जास्त. त्या फिरण्याने हवा त्याला उचलून धरते. वेगवान माणसाचा चेंडू कमी कलावरही हवेत तरंगतो. मंद हाताचा मात्र लवकर खाली येतो. शिवाय तीन नंबरची काठी थोडी आखूड, त्यामुळे मध्यावर लागणं सोपं.

ते शेत आता पड आहे. एका रविवारी आम्ही दोघे तिथे गेलो. मी दोन्ही काठ्यांनी पाच-पाच चेंडू मारले. एक नंबरचा एकच माडापर्यंत पोचला, बाकीचे कुठेही भरकटले. तीन नंबरचे चार माडापर्यंत गेले. पंचेचाळिशीतल्या कारकुनाचा हात साहेबांच्या हाताहून फार वेगळा नसावा.

आता डोकी टायटॅनियमची, 460 घन सेंटिमीटरपर्यंत मोठी असतात. वजन कडेकडेला वाटलेलं असल्यामुळे चेंडू थोडा बाजूला लागला तरी डोकं कमी वळतं, चूक पोटात घातली जाते. पण आपल्या वेगाला साजेसा कल निवडायचा, हे आजही माणसालाच करावं लागतं. तिथे पुष्कळदा मान आडवा येतो.

आमच्या कचेरीतही फायलीतली चूक कितीदा शिपायाला आधी दिसते. तो दाराशी घुटमळतो आणि निघून जातो. मीही त्याला कधी विचारलेलं नाही.

'मामाआजोबा किती शिकले होते?' परतताना मुलाने विचारलं.

'चौथी,' मी म्हटलं.

तीन नंबर त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता. घरी पोचेपर्यंत तो काही बोलला नाही.